खर्जाची साथ

धर्मगुरूने जॅझ संगीतावर लेख लिहावा, हे आमच्या काही वाचकांना विचित्र वाटेल. जॅझ म्हणताच डोळ्यांसमोर येते ती मंद दिव्यांची खोली, टेबलांवरचे पेले, सिगारेटचा धूर आणि सरत चाललेली रात्र. हे चित्र खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या ध्वनिमुद्रणाविषयी येथे लिहीत आहोत ते अशाच एका तळघरात झाले, आणि त्यात पेल्यांचा किणकिणाटही स्पष्ट ऐकू येतो. तरीही गेली कित्येक वर्षे आम्ही ते ऐकत आलो आहोत, आणि धर्मग्रामात राहून माणसांची सेवा करणाऱ्याला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे असे आमचे मत झाले आहे. ते मत वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मुळात हे संगीत आपल्या समाजाला परके नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. शिकविणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत. उद्देश हा की, सणावाराच्या मिस्सेला गायक-वादक कमी पडू नयेत. परंतु त्या शिक्षणाने पोटापाण्याचीही सोय झाली. कागदावरचे स्वर पाहून वाजवू शकणारी ही मुले मोठी होऊन मुंबईला आली, आणि तेथील हॉटेलांचे वाद्यवृंद व पुढे चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्या बळावर उभे राहिले. आल्दोन्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ज्यांना सारी मुंबई ‘चिक चॉकलेट’ म्हणून ओळखत असे, ते ट्रम्पेटवर जॅझ वाजवीत. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी त्यांना हाताशी धरले, आणि १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटाच्या संगीतात जॅझचा तो बाज मराठी घराघरांत जाऊन पोहोचला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हेही अशाच परंपरेतले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. तेव्हा ज्या सुरांना आपण क्लबातले म्हणून बाजूला सारतो, त्यांच्या वादकांची बोटे कित्येकदा धर्मग्रामाच्या शाळेतच वळलेली असत. तिकडे अमेरिकेत तर मेरी लू विल्यम्स या थोर जॅझ पियानोवादिकेने १९५७ साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली, आणि १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथिड्रलमध्ये तिने रचलेली जॅझ मिस्सा झाली.

मुंबईच्या त्या वादकांच्या काही तबकड्या निघाल्या, त्या स्टुडिओत मुद्रित झालेल्या. ताजमहाल हॉटेलातल्या रात्री मात्र हवेत विरून गेल्या. जिवंत मैफलीचे मुद्रण हाती असणे किती मोलाचे, हे अशा हरवलेल्या रात्रींच्या आठवणीनेच कळते. आमच्या हाती जे मुद्रण आले ते दूरदेशीचे आहे. रामवाडीच्या सेमिनरीत आम्ही शिकत असताना एका वृद्ध प्राध्यापकांच्या खोलीत त्याची कॅसेट प्रथम ऐकली. आज कात्रजला, सायंकाळची मिस्सा आटोपून दार लोटले की, तेच सूर लहानशा स्पीकरवर ऐकतो. बाहेर साताऱ्याकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर चालू असते. तिने आमच्या ऐकण्यात व्यत्यय येत नाही. का येत नाही ते पुढे सांगू.

दिवस होता रविवार, २५ जून १९६१. स्थळ न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातले ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’. मॅक्स गॉर्डन यांनी १९३५ साली हे ठिकाण सुरू केले. जिना उतरून तळघरात जायचे, आणि जेमतेम सव्वाशे माणसांनी दाटीवाटीने बसायचे. त्या दिवशी तेथे तिघे वाजवीत होते: पियानोवर बिल एव्हान्स, डबल बासवर स्कॉट लाफारो आणि ड्रमवर पॉल मोशन. वये अनुक्रमे एकतीस, पंचवीस आणि तीस. दुपारी दोन आणि रात्री तीन अशी पाच सत्रे झाली. रिव्हरसाइड कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी ती सारी मुद्रित करून घेतली. त्यांतून प्रथम १९६१ साली ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि १९६२ साली ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. पाचही सत्रे जशीच्या तशी, क्रमाने, २००५ साली प्रसिद्ध झाली.

पियानो, बास आणि ड्रम या त्रयीचा रूढ संकेत असा की, पियानो बोलणार आणि उरलेली दोन वाद्ये त्याला आधार देणार. ड्रम लय धरून ठेवतो. डबल बास हे व्हायोलिनच्याच कुळातले, पण माणसापेक्षा उंच वाद्य. वादक त्याला उभ्याने कवेत घेऊन बोटांनी तारा छेडतो आणि खर्जातले स्वर एकामागून एक पाऊल टाकल्यासारखे देत राहतो. श्रोत्याचे लक्ष त्याच्याकडे सहसा जात नाही. आमच्या कात्रजच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगणे सोपे आहे. आमच्या येथला जुना तलाव अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळी बांधला गेला. तेथून जमिनीखालच्या नळाने पाणी शनिवारवाड्याकडे आणि शहरातल्या हौदांकडे खेळविले होते. पुणेकर हौदावर पाणी भरीत, पण पायांखालून वाहत येणारा नळ त्यांना दिसत नसे. बासचे काम त्या नळासारखे असते. ते चालू आहे तोवर कोणाच्या ध्यानी येत नाही. बंद पडले की हौद कोरडे पडतात.

या तिघांनी तो संकेत बदलला. लाफारो पियानोच्या मागून चालत नाही, तर पियानोशी बोलतो. एव्हान्स एक वाक्य वाजवितो आणि थांबतो. त्या थांबण्यात लाफारो आपले वाक्य ठेवतो. कधी दोघे एकाच वेळी बोलतात, तरी एकमेकांवर कुरघोडी होत नाही. मोशन काठ्या बाजूला ठेवून ब्रशने ड्रमच्या कातड्यावर नुसता कुजबुजत असतो, आणि अधूनमधून एखादा ठोका मुद्दाम गाळतो. तो गाळलेला ठोकाही ऐकू येतो. आपल्या मैफलीत गवयाची सोबत करणारा संवादिनीवादक गायकाची जागा अचूक टिपून मागोमाग येतो, आणि त्यातच त्याचे कौशल्य असते. येथे सोबतीचा अर्थ थोडा निराळा आहे. येथे प्रत्येकाला दुसऱ्याचे इतके बारकाईने ऐकावे लागते की, तो पुढे काय म्हणणार आहे याची चाहूल लागावी आणि तरीही त्याचे वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नये. वाचकहो, संसार केलेल्यांना ही गोष्ट किती अवघड असते ते आम्ही काय सांगावे! लग्नाआधी सल्ला घेण्यास येणाऱ्या तरुण जोडप्यांना आम्ही कधी कधी हे वाजवून दाखवितो. ती हसतात, पण ऐकून घेतात.

प्रथमच ऐकणाऱ्याने कोठून सुरुवात करावी? ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या रचनेपासून करावी. एव्हान्सने ती आपल्या लहान पुतणीसाठी केली. आरंभी तीन मात्रांची, झोपाळ्यासारखी हलकी चाल आहे. आपल्या दादऱ्याची सवय असलेल्या कानाला ती लगेच आपली वाटते. पियानो चाल मांडीत असता खालून बास दुसरीच एक ओळ गुंफीत येतो. पुढे लय चार मात्रांत वळते, आणि मूल रांगता रांगता उठून चालू लागावे तसे काहीसे होते. त्यानंतर ‘माय फूलिश हार्ट’ ऐकावे. विलंबित लयीतली ही रचना इतकी संथ आहे की, दोन स्वरांमधली शांतता हीच तिची खरी सामग्री. आणि अखेरीस ‘जेड व्हिजन्स’. ही लाफारोची स्वतःची रचना. तिच्यात बास एकेक स्वर न देता स्वरांचे जुडगे देतो. देवळातली घंटा हळूच वाजून विरत जावी तसे ते विरतात. रात्रीच्या शेवटच्या सत्रात ती दोनदा वाजविली गेली.

आता त्या किणकिणाटाविषयी. या मुद्रणात श्रोत्यांचा आवाज सतत आहे. पेले एकमेकांवर आपटतात, कोणी हसते, कोणी मध्येच शेजाऱ्याशी बोलते. टाळ्याही बेताच्याच. फार काय, दिवसाच्या पहिल्याच रचनेच्या मुद्रणात वीज खंडित झाली आणि काही क्षण गळून गेले. भारनियमनाची उन्हाळी रात्र अनुभवलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला यात काही नवल वाटणार नाही! पुष्कळ रसिक या गोंगाटाने अस्वस्थ होतात. एवढे थोर वादन चालले असता ही माणसे गप्पा कशा मारतात, असे त्यांना वाटते. आमचे मत थोडे वेगळे आहे. सवाई गंधर्व महोत्सवाचे जुने ध्वनिमुद्रण ऐकताना मध्येच एखाद्या श्रोत्याची ‘वा!’ अशी दाद ऐकू येते, आणि मंडप, थंडी व माणसे सारे समोर उभे राहते. स्टुडिओतल्या निर्दोष शांततेत ते उभे राहत नाही. आमच्या रविवारच्या मिस्सेत तरी दुसरे काय असते? उपदेश चालू असता बाळ रडते, खुर्ची सरकते, म्हातारे बाबा खोकतात, कोणाचा तरी फोन वाजतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालच्या उपासनाविषयक घटनेत भाविकांच्या पूर्ण, जाणत्या आणि सक्रिय सहभागाची अपेक्षा व्यक्त केली. त्याच घटनेत योग्य वेळी पवित्र शांतता पाळावी असेही सांगितले. सक्रिय सहभाग म्हणजे प्रत्येकाने सतत काहीतरी करीत राहणे, असा अर्थ आपण पुष्कळदा घेतो. परंतु ऐकणे हीही कृतीच आहे, आणि ती गोंगाट पूर्ण थांबण्याची वाट पाहत बसत नाही. ते तिघे त्या गोंगाटातच एकमेकांचे ऐकत होते. ट्रकांच्या घरघरीत आम्हांला व्यत्यय का येत नाही, याचे उत्तर हेच.

त्या तळघरातल्या माणसांना आपण काय ऐकतो आहोत ते माहीत नव्हते. वाजविणाऱ्यांनाही नव्हते. त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, ६ जुलै १९६१ रोजी, न्यूयॉर्क राज्यातल्या एका रस्त्यावर स्कॉट लाफारोची मोटार झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. वय पंचवीस. अठराव्या वर्षी त्याने बास हाती घेतला होता. म्हणजे सारी साधना सात वर्षांची. पहिल्या ध्वनिमुद्रिकेसाठी रचना निवडताना त्याचे वादन जेथे ठळक आहे अशा रचना पुढे आणल्या गेल्या. तिचा आरंभ त्याच्या ‘ग्लोरियाज स्टेप’ने होतो आणि शेवट त्याच्याच ‘जेड व्हिजन्स’ने. मुखपृष्ठावर त्याचे नाव विशेष म्हणून छापले. एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने वादन जवळजवळ सोडून दिले.

ही हकीकत आम्हांला बरीच वर्षे ठाऊक होती. तिचा आमच्या सेवाकार्याशी संबंध येईल असे मात्र वाटले नव्हते. कात्रज हे घाटाच्या पायथ्याचे आणि महामार्गाच्या कडेचे ठिकाण. येथल्या धर्मगुरूच्या वाट्याला तरुणांचे अंत्यविधी जरा जास्तच येतात. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या एका रात्री, आमच्या गायकवृंदातला एक तेवीस वर्षांचा मुलगा बायपासवर दुचाकीच्या अपघातात गेला. तो बास गिटार वाजवीत असे. कुटुंब आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पोटासाठी पुण्याला आलेले. वडील आधीच निवर्तले होते. आई आणि धाकटी बहीण मागे राहिल्या.

चाळिसाव्या दिवसाच्या मिस्सेनंतर आई आमच्याकडे आली. हातात मुलीचा फोन होता. मागल्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेचे मुद्रण कोणीतरी त्यात केलेले होते. ती म्हणाली, “फादर, समदे म्हणतात ह्यात माझा पोरगा वाजवतोय. मी रोज रात्री ऐकते. पेटी कळते, ढोलकी कळते, पोरी गातात ते कळतं. माझं लेकरूच कुठं सापडत नाही. तुम्ही दाखवा.”

आम्ही तिला खुर्ची दिली आणि फोन आमच्या स्पीकरला जोडला. परमप्रसादाच्या वेळचे गीत होते. मुलींचे आवाज वर, त्यांच्याखाली पेटी, बाजूला ढोलकी. रांगेत सरकणाऱ्या पावलांचा आवाज, एका बाळाचे रडणे, कोणाचे तरी खोकणे. आणि सर्वांच्या तळाशी, भिंतीला कान लावल्यासारखा ऐकू येणारा तो खर्ज. आम्ही म्हणालो, “ताई, वरचं ऐकू नका. ढोलकीच्याही खाली जा. ऐका,” आणि त्याच्याबरोबर खालच्या पट्टीत गुणगुणू लागलो. पहिल्या वेळी तिने मान हलविली. दुसऱ्या वेळी डोळे मिटले. तिसऱ्या वेळी तिचे बोट गुडघ्यावर हलू लागले, आणि ते बरोबर त्याच्याच स्वरांवर पडत होते. गीत संपले तरी ती काही वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तो समद्या गाण्यात होता.”

आम्ही त्यावर काही बोललो नाही. सेमिनरीत मृत्यूविषयीचे ईशज्ञान आम्ही शिकलो आहोत, आणि त्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. परंतु त्या घटकेला तिला जे हवे होते ते तिला मिळाले होते. त्यावर आमचे शब्द ठेवणे म्हणजे लाफारोच्या जागेत पियानो वाजविण्यासारखे झाले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. ध्वनिमुद्रण म्हणजे पुनरुत्थान नव्हे. फोनमधला मुलगा आईच्या हाकेला ओ देत नाही. तो नेहमी तेच स्वर वाजवील, त्याच ठिकाणी थांबेल, आणि त्याचे वय कधीच वाढणार नाही. गेलेल्यांचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकण्यात एक धोकाही आहे. माणूस भूतकाळाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतो. ख्रिस्तसभा जेव्हा मिस्सेत प्रभूचे स्मरण करते तेव्हा ते असे मागे वळून पाहणे नसते. ज्याचे स्मरण करायचे तो त्या स्मरणात जिवंतपणे उपस्थित असतो आणि आपल्याला पुढे पाठवितो, असे आपण मानतो. संतांच्या सहभागितेवर आपला विश्वास आहे तो याच अर्थाने. मग त्या मुद्रणाचे मोल काय? आम्हांला वाटते, त्याने एवढेच साधले की, आईच्या दुःखाला धरावयास एक खरी गोष्ट मिळाली. मुलगा चांगला होता, सद्गुणी होता, ही वाक्ये सर्व अंत्यविधींत सारखीच असतात. हे बोट गुडघ्यावर पडले ते मात्र त्याच्याच, दुसऱ्या कोणाच्याही नव्हे अशा स्वरावर. प्रार्थनेला अशी नेमकी वस्तू लागते.

एव्हान्सचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे. तो परत आला. १९६२ सालापासून त्याने चक इझ्रायल्स या दुसऱ्या बासवादकाला घेऊन पुन्हा त्रयी उभी केली. नवा वादक लाफारोची नक्कल करीत नव्हता, आणि एव्हान्सनेही ती मागितली नाही. एव्हान्सचे जीवन सुखाचे नव्हते. मादक द्रव्यांच्या व्यसनाने ते पोखरलेले होते, आणि १९८० साली एक्कावन्नाव्या वर्षी तो वारला. हे आम्ही लपवीत नाही, कारण थोर कलावंत म्हणजे आदर्श पुरुष असा आमचा दावा नाही. तथापि जखम घेऊनही तो दुसऱ्यांचे ऐकत राहिला, एवढे त्याच्या वादनातून निश्चित कळते. पॉल मोशन तर २०११ सालापर्यंत जगला, आणि उतारवयातही त्याच व्हॅनगार्डच्या तळघरात पुन्हा पुन्हा वाजवीत राहिला.

आमच्या गायकवृंदात त्या मुलाची जागा वर्षभर रिकामी होती. कोणी तसे ठरविले नव्हते. गीते पेटी आणि ढोलकीवर निभावून जात, आणि बहुतेकांना फरकही जाणवत नसे. ज्यांना जाणवे त्यांना मात्र नळ बंद पडलेल्या हौदासारखे वाटे. पुढे दहावीची परीक्षा दिलेल्या एका मुलीने आपण बास शिकू का, असे विचारले. तिच्यासाठी गिटार त्या आईनेच घरून आणून दिली. मुलगी अजून अडखळते. लय कधी पुढे जाते, कधी मागे राहते. ढोलकीवाला तिच्यासाठी थांबतो.

आमची वाचकांना एकच विनंती आहे. हे संगीत मिळाले तर अवश्य ऐका. न मिळाले तरी हरकत नाही. पण येत्या रविवारी आपल्या चर्चमध्ये गीत सुरू झाले की, ज्याचा आवाज सर्वांत वर आहे त्याच्यावरून कान थोडा खाली न्या. कोणीतरी तळाशी असतो. पेटीचा भाता मारणारा, दुसरा आवाज गाणारी, मागच्या बाकावर पुटपुटत सूर धरणारे आजोबा. तो कोण आहे ते त्याच्या हयातीतच ओळखून ठेवा. मिस्सा संपल्यावर त्याच्याजवळ जा आणि त्याला सांगा की, तुमचा आवाज आम्हांला ऐकू आला.